दिवे आम्हीच लावणार

डिसेंबर २०२३. नागपूरचं हिवाळी अधिवेशन. विधान परिषदेत संशोधक पोरांच्या फेलोशिपचा विषय निघाला आणि राज्याच्या एका उपमुख्यमंत्र्यांनी सवाल टाकला, पीएच.डी. करून ही पोरं काय दिवे लावणार आहेत? विषय 'सारथी'चा होता, म्हणजे मराठा-कुणबी पोरांचा. पण टोला सगळ्यांनाच बसला. ज्या ज्या घरातला पहिला माणूस आत्ता कुठं प्रयोगशाळेच्या दारापर्यंत पोचतोय, त्या प्रत्येक घराला बसला.

मित्रांनो, या सवालाचं उत्तर द्यायचंय. शिवी देऊन मोकळं होता आलं असतं. शिव्या आपल्याकडे भरपूर आहेत आणि त्या देण्याचा हक्कही आहे. पण या वेळी उत्तर हिशेबानं द्यायचंय.

हे संपादकीय लिहिणारा मॅट्रिक आहे. गोदीत कंत्राटावर माल उतरवतो आणि उरलेल्या वेळात कविता करतो. त्याचा आणि इंजिनिअरिंगच्या पीएच.डी.चा संबंध काय, असं कुणीतरी म्हणणारच. संबंध आहे. १९८९ मध्ये न्हावा-शेवाचं बंदर सुरू झालं. कंटेनरचं राज्य आलं. पूर्वी एक जहाज रिकामं करायचं तर टोळ्यांवर टोळ्या लागायच्या, दिवसच्या दिवस जायचे. आता क्रेन येते, डबा उचलते, ट्रेलरवर ठेवते. आमच्या बापांच्या पिढीची कामं गेली. त्यांना कुणी विचारलं? ती क्रेन कुणीतरी कागदावर आखली. लोखंड किती ओझं पेलेल, दोर कुठे तुटेल, माणूस किती वाचेल, हे कुणीतरी मोजलं. त्या खोलीत आपला माणूस नव्हता. आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. पाठीवर गोणी वाहण्यात कसला आलाय अभिमान? पण यंत्रानं कुणाचं ओझं उतरवायचं आणि कुणाचा घास काढायचा, हे जिथं ठरतं तिथं आपण नसलो, तर घास आपलाच जाणार.

गटाराचं बघा. माणसाला गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तरी माणसं उतरतात, गुदमरून मरतात, आणि ती कुठल्या जातीची असतात हे सांगायला आकडेवारी लागत नाही. २३ ऑगस्ट २०२३ ला आपलं यान चंद्रावर उतरलं. टाळ्या आम्हीही वाजवल्या. केरळात काही तरुण इंजिनिअरांनी गटार साफ करणारा यंत्रमानव तयार केला, २०१८ मध्ये तो तिरुवनंतपुरमला कामाला लागला. म्हणजे विज्ञानाला हे जमत नाही असं नाही. प्रश्न असा आहे की देशातल्या इतक्या प्रयोगशाळांतून हा सवाल टेबलावर यायला एवढी वर्षं का लागली? कारण टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कुणाचा बाप गटारात गेलेला नव्हता. प्रयोगशाळेत कोण बसतो त्यावर तिथे कुठला प्रश्न शिजतो ते ठरतं. म्हणून ही जागा हवी. नावाआधी डॉक्टर लावून लग्नाच्या पत्रिकेत मिरवायला नको.

बाबासाहेबांनी काय मागितलं होतं

बाबासाहेब बॅरिस्टर होते हे सगळ्यांना माहीत. कोटातला फोटो घराघरात आहे. त्यांची लंडनची पदवी डॉक्टर ऑफ सायन्स ही होती, अर्थशास्त्रातली, १९२३ ची. आणि ती कशी मिळवली? बडोदा सरकारची शिष्यवृत्ती होती, ती संपली, १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून मुंबईला परत यावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात नोकरी केली, पै पै साठवली, शाहू महाराजांनी मदत केली, मित्राकडून उसने घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. फेलोशिप तुटली म्हणजे काय होतं, हे आपल्या बापालाच सगळ्यात आधी कळलं होतं.

त्या माणसानं २९ ऑक्टोबर १९४२ ला, व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं सांभाळत असताना, अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं एक निवेदन सरकारला दिलं. त्यात शिक्षणाबद्दल काय म्हटलंय ते प्रत्येकानं काढून वाचावं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या समाजाचं फारसं भागणार नाही. लागणार आहे ते विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं वरचं शिक्षण. ते आपल्या माणसाच्या खिशाला परवडत नाही, म्हणून सरकारनं देशात आणि परदेशात त्यासाठी शिष्यवृत्त्या द्याव्यात.

ऐंशीहून जास्त वर्षं झाली या गोष्टीला. आता आजचा हिशेब बघा. केंद्राची अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय फेलोशिप २००५-०६ मध्ये राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली. वर्षाला २,००० जागा. त्यातल्या विज्ञानाला ५०० आणि मानव्य व समाजशास्त्रांना १,५००. बाबासाहेबांनी ज्याला पहिलं स्थान दिलं त्याला सरकारनं पावशेर वाटा दिला. समाजशास्त्राच्या जागा कमी करा असं आम्ही म्हणत नाही, एकही कमी करायची नाही. विज्ञानाच्या वाढवा म्हणतोय.

आणि आपल्या चळवळीलाही एक सांगायचंय. आपल्या स्टेजवर कवी येतो, वकील येतो, पुढारी तर येतोच येतो. दहा भाषणांत एक तरी पॉलिमरवर काम करणारी पोरगी, एक तरी भूकंपाची यंत्रं वाचणारा पोरगा बोलवा. पोरं जे बघतात तेच व्हायला धजतात.

दरवाजावरचे पहारेकरी

२००६ मध्ये केंद्रीय शिक्षणसंस्थांतल्या प्रवेशात आरक्षणाचा कायदा झाला. अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना साडेसात, ओबीसींना २७. छान. पण त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात एक मेख मारून ठेवलीय. शेवटी एक परिशिष्ट जोडलंय आणि त्यातल्या संस्थांना हा कायदा लागू नाही म्हणे, कारण त्या 'उत्कृष्ट' आहेत. यादी वाचा. ट्रॉम्ब्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था. परळचं टाटा मेमोरियल. तिन्ही आपल्या मुंबईतली. एक चेंबूर-मानखुर्दच्या वस्त्यांच्या पलीकडे, एक ससून डॉकच्या पुढे, एक गिरणगावात. आपण रोज ज्यांच्या भिंतीशेजारून बसनं जातो त्या या संस्था. उत्कृष्टता आणि आपण एका खोलीत राहू शकत नाही असं कायद्यानंच लिहून ठेवलं.

त्याच यादीत कोलकात्याची साहा अणुभौतिकी संस्था आहे. मेघनाद साहा कोण होते? ढाक्याजवळच्या खेड्यातल्या एका लहान दुकानदाराचा पोरगा, १८९३ चा जन्म, हलकी मानलेली जात. कोलकात्याच्या होस्टेलात वरच्या जातीच्या पोरांनी त्यांच्या पंगतीला बसण्यावर हरकत घेतली होती, सरस्वतीच्या पूजेला फुलं वाहू दिली नाहीत. त्याच साहांनी १९२० मध्ये एक समीकरण मांडलं. ताऱ्याच्या उजेडातून त्या ताऱ्याची उष्णता आणि त्याच्या वायूंची अवस्था वाचायची किल्ली त्यानं जगाला दिली. आणि आज त्यांच्या नावाच्या संस्थेला आरक्षणातून सूट! काय दिवे लावणार विचारणाऱ्यांनी आधी साहांचं नाव वाचावं. त्यांनी तर थेट ताऱ्यांचेच दिवे वाचायला शिकवले.

आता जिथं कायदा लागू आहे तिथलं बघू. आय.आय.टी.चे आकडे २०१९ मध्ये संसदेत ठेवले गेले. २०१५ ते २०१९ या काळात सगळ्या आय.आय.टी.त मिळून पीएच.डी.ला २५,००७ जणांना प्रवेश मिळाला. त्यात अनुसूचित जातीचे ९.१ टक्के आणि जमातीचे २.१ टक्के. कायद्यानं १५ आणि साडेसात हवे होते. टक्क्यांत बोललं की टोचत नाही, म्हणून माणसांत मोजा. आपल्या सुमारे पावणेपंधराशे आणि आदिवासींच्या सुमारे साडेतेराशे जागा पाच वर्षांत गेल्या. एवढी माणसं आज देशभर शिकवत असती, संशोधन करत असती, आपल्या वस्तीतल्या पोरांना वाट सांगत असती.

ही चोरी होते कशी? कुणी दारावर 'तुम्हाला मज्जाव' अशी पाटी लावत नाही. आधी विभाग चाळणीची अट ठरवतो. अमुक मार्क, अमुक कॉलेज. मग लेखी परीक्षा. मग मुलाखत. मुलाखतीत आडनाव, बोलण्याचा हेल, इंग्रजीची अडखळ, सगळं ऐकू येतं. शेवटी कागदावर एकच वाक्य उरतं, 'योग्य उमेदवार आढळला नाही'. जागा रिकामी. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. एकलव्याला निदान समोर बसवून अंगठा मागितला होता. आता फाईलवरच कापतात, रक्त दिसत नाही.

आणि समजा पीएच.डी. झालीच, तर पुढे? पुढे पोस्ट-डॉक, मग प्राध्यापकी. तिथं २०२० मध्ये आय.आय.टी.च्या एका समितीनं केंद्र सरकारला सुचवलं की प्राध्यापकांच्या भरतीतल्या आरक्षणातून आम्हालाही 'उत्कृष्ट' म्हणून सूट द्या. म्हणजे आधी माणसं घडू द्यायची नाहीत, आणि मग माणसंच मिळत नाहीत म्हणून कायदाच काढा म्हणायचं. आमच्या गोदीतला मुकादम यापेक्षा प्रामाणिक. तो तोंडावर सांगतो, आज काम नाही, जा.

पैशाचा फास

दुसरा पहारेकरी पैसा. बार्टीची बाबासाहेबांच्या नावाची फेलोशिप आहे. २०२१ च्या तुकडीतल्या ८६१ संशोधकांना ती मिळावी म्हणून २०२३ च्या सुरुवातीला पोरापोरींना आझाद मैदानात आठवडेच्या आठवडे बसावं लागलं. ज्या दिवसांत सूक्ष्मदर्शकावर डोळा हवा, त्या दिवसांत ही पोरं ताडपत्रीखाली. बसले म्हणून मिळालं, हे विसरू नका. पुढे २४ डिसेंबर २०२३ ला बार्टी, सारथी, महाज्योतीची चाळणी परीक्षा घेतली, तर प्रश्नपत्रिका निघाली २०१९ च्या सेट परीक्षेची! १० जानेवारी २०२४ ला फेरपरीक्षा. आमच्या पोरांना गुणवत्ता शिकवणाऱ्या सरकारला नवी प्रश्नपत्रिकासुद्धा काढता येत नाही.

परदेशात शिकायला केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे, १९५४ पासूनची. साऱ्या देशासाठी जागा १२५. जुलै २०२५ मध्ये १०६ जणांची निवड झाली, पत्रं आधी ४० जणांनाच गेली. उरलेल्या ६६ जणांना सांगितलं, निधी आला तर देऊ. विद्यापीठाची तारीख मात्र निधीसाठी थांबत नाही.

हा फास कधी खराच गळ्याला लागतो. २००८ मध्ये हैदराबाद विद्यापीठात सेंथिल कुमार गेला. भौतिकशास्त्राचा संशोधक, डुकरं पाळणाऱ्या घरातला. त्याला गाईडच दिलेला नव्हता. १७ जानेवारी २०१६ ला त्याच विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्याला विज्ञानावर लिहिणारा लेखक व्हायचं होतं, महिनोन्महिने त्याची फेलोशिप अडकवून ठेवलेली होती. या पोरांना आम्ही हुतात्मे म्हणून भिंतीवर टांगणार नाही. ती जगायला हवी होती. आज आत असलेल्या प्रत्येकाला आम्ही सांगतो, तुझी फेलोशिप अडली, गाईड छळतोय, होस्टेलात एकटा पडलास, तर ती तुझी लाज नाही, तो त्यांचा गुन्हा आहे. खोलीचं दार लावून घेऊ नकोस. फोन कर, रात्री दोनला कर. आपली माणसं येतील.

दारं कुठली आहेत ते पाठ करा

आता कामाचं. वस्तीत अजून समज आहे की पीएच.डी. म्हणजे बापाच्या जिवावर पाच वर्षं आणखी शिकत बसणं. साफ खोटं. विज्ञानात आणि इंजिनिअरिंगमध्ये संशोधन हे काम आहे आणि त्याला पगार आहे. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधक फेलोला महिन्याला ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी वरिष्ठ झाल्यावर ४२,०००, शिवाय घरभाडं. गोदीत कंत्राटी कामगाराला हा आकडा स्वप्नात दिसतो. २०१८ पासूनच्या पंतप्रधान संशोधन फेलोशिपमध्ये तर सुरुवातच ७०,००० पासून.

बी.एस्सी. झालेल्यानं 'जॅम' द्यायची. त्यातून आय.आय.टी.त एम.एस्सी. मिळते आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम.एस्सी.-पीएच.डी. एकत्र करता येते. बी.ई. झालेल्यानं 'गेट' द्यायची. ती फक्त एम.टेक.ची परीक्षा नाही, पीएच.डी.चंही दार आहे. एम.एस्सी.वाल्यांनी सी.एस.आय.आर.ची 'नेट', वर्षातून दोनदा, रसायन, भौतिक, गणित, जीवशास्त्र, भूशास्त्र. जे.आर.एफ.च्या वयाच्या अटीत आपल्याला पाच वर्षांची सूट आहे. २०२४ पासून जे.आर.एफ. हुकली तरी नेटच्या मार्कांवर पीएच.डी.ला प्रवेश मिळण्याची सोय आहे. कुलाब्याच्या संस्थेची स्वतःची परीक्षा असते. आरक्षण नाही म्हणून फॉर्मच भरायचा नाही, असं करू नका. भरा, लिहा, आणि आत जाऊन त्यांच्या परिशिष्टावर प्रश्न विचारा.

परदेशाची भीती सोडा. अमेरिकेत इंजिनिअरिंग-विज्ञानाच्या पीएच.डी.ला बहुतेक ठिकाणी फी माफ असते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचा पगार मिळतो. जर्मनीत पीएच.डी. करणारा बऱ्याचदा रीतसर करारावरचा नोकरदारच असतो. युरोपात मेरी क्युरीच्या नावाच्या जागा आहेत, कुठल्याही देशाच्या माणसाला खुल्या. तिथल्या प्राध्यापकाला सरळ पत्र लिहायचं असतं. मी अमुक केलंय, तुमचं तमुक काम वाचलंय, तुमच्याकडे जागा आहे का? पांढरपेशा घरातल्या पोराला हे पत्र त्याचा मामा लिहून देतो. आपला मामा कोण? जो आपल्यातला आधी गेला तो. आणि राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, ७५ जागा, तिचीही जाहिरात चुकवू नका.

पीएच.डी. झाली की थांबू नका. पोस्ट-डॉकशिवाय मोठ्या संस्थेत प्राध्यापकी मिळणं मुश्कील. २०२३ च्या कायद्यानं झालेलं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आता पोस्ट-डॉक फेलोशिप देतं. वयाची अट ३५, आपल्याला पाच वर्षं जास्त. घरची माणसं म्हणतील, आता पुरे, बँकेत लाग. त्यांचं चुकत नाही, त्यांनी उपाशी दिवस पाहिलेत. त्यांना पगाराचं पत्र दाखवा.

आता काय करायचं

सरकारकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. २००६ च्या कायद्यातलं ते परिशिष्ट रद्द करा. राष्ट्रीय फेलोशिपच्या विज्ञानाच्या जागा वाढवा. फेलोशिप दर महिन्याच्या ठरल्या तारखेला खात्यात टाका, पगार टाकता तशी. प्रत्येक विभागानं किती अर्ज आले, किती जणांना मुलाखतीला बोलावलं, किती घेतले, हे जातवार दरवर्षी जाहीर करावं. पवईच्या पोरांच्या आंबेडकर पेरियार फुले स्टडी सर्कलनं हे आकडे माहितीच्या अधिकारातून ओढून काढले. ओढायला लागू नयेत.

पण मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. वस्तीतल्या प्रत्येक बुद्धविहारात एक फळा लावा. त्यावर गेट, जॅम, नेटच्या फॉर्मची शेवटची तारीख लिहा. जयंतीच्या वर्गणीतून एक डी.जे. कमी करा आणि पाच पोरापोरींच्या परीक्षेची फी भरा. जात पडताळणीचं प्रमाणपत्र बारावीतच काढून ठेवा, ऐन वेळी त्याच्यासाठी प्रवेश हुकतात. जे आत गेलेत त्यांनी वर्षातून दोन रविवार वस्तीला द्यावेत, मुलाखतीची तालीम घ्यावी. आणि पोरींना मागे ठेवू नका. घरात दोघांपैकी एकालाच शिकवायचं म्हणून पोरीला थांबवणारा बाप आणि 'योग्य उमेदवार नाही' लिहिणारी समिती, दोघांचं काम एकच.

राहिला उपमुख्यमंत्र्यांचा सवाल. या शहराचे दिवे कोण लावतं? खांबावर चढतो तो आमचा, रस्ता खोदून केबल टाकते ती आमची, कोळसा उतरवतो तो आमचा. आजवर दिवे आम्हीच लावले, उजेड दुसऱ्यांच्या घरात पडला. आता वीज कशी तयार होते, कुठून कुठं न्यायची आणि कुणाच्या घरात आधी पोचवायची, तेही आम्हीच ठरवणार आहोत.

फॉर्म भरा.

जय भीम!